माझा विश्वास आहे म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही : आमच्या मंडळीच्या पंच कमिटीला खुलं पत्र

माननीय पंच, सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळे वडीलजन यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. तुमचे पाळकसाहेब ईस्टरनंतरच्या आठवड्यात प्रभुघरी गेले, त्यांची मी बायको. दोन मुलं आहेत, मुलगी बीएस्सीला आणि मुलगा यंदा दहावीला. मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कोल्हापुरात आपली माणसं आहेत ती किती, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि ज्यांना कळणार नाही त्यांच्याही मंडळीत थोड्याफार फरकानं हेच चालू असणार म्हणून तर उघड लिहिते. आधी दोन अर्ज दिले होते, ते फाइलला लागले असं समजलं. म्हणून आता सगळ्यांसमोर.

कारण तुमचा ठराव. मागच्या महिन्यात तुम्ही ठरवलं की पार्सनेज, म्हणजे पाळकाला राहायला दिलेलं चर्चचं घर, ३० नोव्हेंबरच्या आत रिकामं करायचं, नवीन साहेब नाताळाआधी येणार, रंगरंगोटी करायची आहे. आणि त्याच ठरावात खाली दोन ओळी, की बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये भरणारी सांत्वनाची बैठक बंद करण्यात येत आहे. हे दोन्ही मला कुणी घरी येऊन सांगितलं नाही. रविवारच्या भक्तीत, वर्गणीच्या यादीनंतर आणि वनभोजनाच्या सूचनेच्या आधी वाचून दाखवलं. मी तिसऱ्या बाकावर, शेजारी माझी दोन्ही मुलं. पार्सनेजचं दार चर्चच्या दारापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर आहे, तेवढं अंतर चालून यायला कुणाला जमलं नाही.

घर सोडायचं नाही असं मी म्हणतच नाही, हे आधी स्पष्ट करते कारण तशी कुजबुज सुरू झालीय. पार्सनेज पाळकाचं असतं, पाळकाच्या बायकोचं नसतं, हे मला लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे, आम्ही तीन गावच्या बदल्या केल्यात आणि प्रत्येक वेळी भिंतीवरचे खिळे काढून, भोकं बुजवून घर परत दिलंय. नवीन साहेबांना आणि त्यांच्या मॅडमना घर पाहिजेच. माझं भांडण त्यांच्याशी नाही आणि खरं तर घराशी पण नाही.

माझं भांडण आहे ते एका वाक्याशी. "मॅडम, तुमचा विश्वास मोठा आहे, तुम्ही निभावून न्याल." दफनाच्या दिवशी हे वाक्य ऐकलं तेव्हा बरं वाटलं होतं. मग भाड्याच्या घराचं विचारलं तेव्हा हेच ऐकलं. मुलीच्या फीचं विचारलं तेव्हा हेच. साहेबांच्या शेवटच्या महिन्याच्या मानधनाचं विचारलं तेव्हा पण, की ओ, हेच! माझा विश्वास किती मोठा आहे याची माझ्यापेक्षा खात्री तुम्हालाच जास्त, आणि जेवढा तो मोठा तेवढं तुमचं काम कमी, असा काहीतरी हिशेब झालाय.

तर विश्वासाचं आधी सांगते, कारण तो नाही म्हणून मी तक्रार करतेय असं कुणी म्हणू नये. प्रभूनं मला धरून ठेवलंय, हे मी कुठंही उभी राहून सांगेन. पण कसं धरून ठेवलंय ते ऐका. साहेब गेल्यावर पहिले कितीतरी दिवस मला प्रार्थना करता येत नव्हती. बायका घरी यायच्या, प्रार्थना करायच्या, मी आमेन म्हणायचे, एवढंच. एकटी असताना प्रभूची प्रार्थना म्हणायला घ्यायचे आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथं येऊन थांबायचे, पुढं जाताच यायचं नाही. त्या दिवसांत पलीकडच्या घरातल्या काकी, मराठा घरातल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, त्या रोज डबा आणत होत्या. त्यांच्यात कडू घास असतो, मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजारपाजारनं भाकरी-पिठलं आणून घरच्यांना बळंबळं खायला लावायचं. डबा स्टीलचा, कडीचा, झाकणावर त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. काकी काही बोलायच्या नाहीत. भाकरी मोडून माझ्या ताटात टाकायच्या, वर पिठलं, बाजूला कांदा फोडून, आणि मी निम्मी तरी खाईपर्यंत उठायच्या नाहीत. मुलानं खाल्लं का विचारायच्या, डबा घासायला द्यायच्या नाहीत, तसाच उचलून न्यायच्या. शास्त्रातला एलीया संदेष्टा रानात झाडाखाली बसून आता मला मरू दे म्हणाला तेव्हा देवदूतानं त्याला प्रवचन नाही दिलं. ऊठ, खा म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, आणि ते पण दोनदा, कारण पहिल्यांदा खाऊन तो परत झोपला. साहेबांनी यावर संदेश दिलेला मी ऐकलाय, पण मला तो उतारा कळला काकींच्या पिठल्यामुळे. मग काही दिवसांनी प्रार्थना पुढं सरकली.

विश्वासाचं बळ मला असं मिळालं. आकाशातून काही पडलं नाही, माणसांच्या हातून आलं. आणि त्यातले बरेचसे हात मंडळीच्या रजिस्टरात नाहीत, हे लिहिताना मला आनंद होत नाही.

आता तक्रारी. जरा लांबेल, पण एकदाच लिहिते.

पहिली साहेबांच्या तब्येतीची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, भक्ती झाल्यावर त्यांनी छातीत भरून आल्यासारखं होतंय म्हणून सांगितलं. मला सांगितलं आणि कमिटीतल्या दोघांना पण सांगितलं. पुढं सगळा आठवडा भक्ती, गुरुवारी प्रभुभोजन, उत्तम शुक्रवारी बारा ते तीन सात वचनांची भक्ती, मग ईस्टरची पहाटेची. "साहेब, एवढा आठवडा काढा, मग बघू." आठवडा काढला त्यांनी. ईस्टरनंतर गडहिंग्लज भागातल्या एका कुटुंबात मयत झालं तर तिकडं गेले, दफन केलं, परत येताना वाटेतच. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, म्हणणार पण नाही. पण तुमच्या पाळकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी आहे असा एक ओळीचा नियम तुमच्या कागदात नाही, हे मी नंतर सगळे कागद लावताना बघितलं. सोमवार सुट्टीचा म्हणतात, पण सोमवारी कुणाचा साखरपुडा, कुणाचं दवाखान्यात ऑपरेशन, कुणाच्या भावाभावांत जागेवरून भांडण, आणि नाही म्हटलं तर "साहेबांना आता मोठेपणा आलाय". देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला, पाळकाला तेवढी पण सवलत नाही.

दुसरी, विमा नाही, पीएफ नाही, काही नाही. मानधन किती होतं ते इथं लिहीत नाही, त्यांचा मान राहू दे. पण सरकारची जीवन ज्योती विमा योजना आहे, बँकेत खातं असलं आणि वय अठरा ते पन्नास असलं की वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा विमा मिळतो. साहेब अठ्ठेचाळीसचे होते. कमिटीच्या एका मीटिंगच्या चहा-वड्याला यापेक्षा जास्त जातात. चर्चच्या छपराचा विमा आहे, साउंड सिस्टीमचा आहे.

तिसरी माझ्याबद्दल आहे, आणि माझ्यासारख्या सगळ्या पाळकीणबाईंबद्दल. कॉल लेटर, म्हणजे नेमणुकीचं पत्र, निघतं ते साहेबांच्या नावानं, पण सेवा दोघांची गृहीत धरलेली असते. संडे स्कूल, महिला मंडळ, बाळंतिणीची भेट, आलेल्या पाहुण्या संदेशकाचं जेवण (आणि पाहुणा कोल्हापुरात आला म्हणजे तांबडा-पांढरा पाहिजेच), नाताळात करंज्या, हॉलच्या किल्ल्या, कोण कुणाशी बोलत नाही त्याचा हिशेब डोक्यात ठेवणं. हे सगळं मी आनंदानं केलं, प्रभूसाठी केलं, पैसे मागितले नाहीत आणि आज पण मागत नाही. पण दफन मंगळवारी झालं आणि शनिवारी फोन आला, "उद्याचं संडे स्कूल तुम्ही घ्याल ना?" मी घेतलं. मुलांना मेंढपाळाची गोष्ट सांगितली, नव्व्याण्णव सोडून एकाला शोधायला गेला ती. आणि आता मुदतीचं बोलायला गेले तेव्हा खजिनदारसाहेब म्हणाले की मॅडम तुमचं मंडळीशी तसं ऑफिशियल नातं काही नाही. शनिवारी नातं होतं, मीटिंगला नाही.

चौथं माझ्या मुलीचं. हे लिहू का नको असा विचार केला, तिनंच लिही म्हणून सांगितलं. बाप गेल्यावर ती एका युथ मीटिंगमध्ये म्हणाली की मला देवाचा राग आलाय, मला त्याच्याशी बोलायचं नाही. एका वडीलजनांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, पाळकाची मुलगी असून असं बोलतेस, दुसऱ्या मुलांनी काय शिकायचं तुझ्याकडून. त्यानंतर ती युथला गेलेली नाही. मला त्या वडीलजनांना विचारायचंय, तुम्ही अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र शेवटचं कधी वाचलं? ते अंधारातच संपतं. शेवटी स्तुती नाही, हालेलूया नाही, काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. शास्त्रातल्या ईयोबावर दुःख कोसळलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढंच त्यांचं बरोबर होतं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेजवळ येशू रडला. पाच मिनिटांत आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असून रडला. मग आमच्या पोरीनं रागावलेलं का चालत नाही? ती घरी रोज रात्री तेच स्तोत्र वाचते. बोलत नाही म्हणाली खरी, पण वाचते ते त्यालाच ना.

आता बुधवारच्या बैठकीचं. हे मला सगळ्यात जास्त लागलंय, घरापेक्षाही.

ही बैठक मी काही योजना आखून सुरू केली नाही. जूनमध्ये, पाऊस लागला होता, एक बाई साहेबांना भेटायला म्हणून आल्या, त्यांना माहीतच नव्हतं साहेब गेले ते. त्यांचा पोरगा हायवेला शिरोलीजवळ बाइकच्या अपघातात गेलेला. आम्ही दोघी हॉलच्या पायरीवर बसलो, त्या त्यांच्या पोराचं बोलल्या, मी साहेबांचं बोलले, चहा केला. पुढच्या बुधवारी त्या जावेला घेऊन आल्या. मग एक रिटायर एसटी ड्रायव्हर यायला लागले, त्यांची बायको वारलीय, घरी सुना आहेत पण बोलायला कुणी नाही, ते येतात आणि बहुतेक वेळा गप्प बसतात, जाताना खुर्च्या उचलून ठेवतात. सदर बाजारातल्या एक मुसलमान बाई येतात. आपल्या मंडळीतली पण चार-पाच घरं येतात. साडेसहाला जमायचं, एक स्तोत्र वाचायचं, ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं, ज्याला रडायचं त्यानं रडायचं, कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, आठला उठायचं. बस्स. एकाला रात्रीची झोपच लागेना आणि जीव नको झालाय असं बोलायला लागले तर त्यांना सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि नंतर त्यांच्या भावाला बोलावून डॉक्टरांकडे पाठवलं. प्रार्थना आणि डॉक्टर दोन्ही लागतात, मिरजेचं मिशन हॉस्पिटल बांधणाऱ्या डॉक्टर वानलेसांच्या परिसरात राहून हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तुमच्या ठरावात कारण दिलंय, "हॉलमध्ये रडारडीचं वातावरण होते व बाहेरचे लोक येतात."

रडारडीचं वर लिहिलंच. बाहेरच्या लोकांचं बोलू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आणि पाणी वर चढतच गेलं, निम्मं कोल्हापूर पाण्यात, तेव्हा याच हॉलमध्ये सतरंज्या टाकून कितीतरी कुटुंबं राहिली. चुली मागच्या अंगणात, ओली लाकडं पेटेनात म्हणून साहेबांनी जुने बाक फोडून दिले, त्याबद्दल पण नंतर मीटिंगमध्ये विचारणा झाली होती म्हणा. तेव्हा कोण आतलं कोण बाहेरचं कुणी विचारलं नव्हतं. उलट पेपरात फोटो आला तेव्हा आपण सगळे पुढच्या रांगेत होतो. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा परत हॉल उघडला. पुराचं पाणी असलं की माणसं आतली आणि डोळ्यांतलं असलं की बाहेरची, हे मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र मी मान्य करते. सेक्रेटरीसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की सध्याचं वातावरण बघता, दुसऱ्या समाजाची माणसं चर्चच्या हॉलमध्ये येतात म्हटल्यावर उद्या कुणीतरी धर्मांतराची बोंब ठोकली तर काय करायचं. ही भीती खोटी नाही, मला पण वाटते. पण मग तेच ठरावात लिहा. त्यावर बसून मार्ग काढू, दारं-खिडक्या उघड्या ठेवू, कमिटीतलं कुणीतरी येऊन बसा, गल्लीतल्या चार मानाच्या माणसांना बोलवा, काकी तर येतातच. रडण्याला का नावं ठेवायची?

आता मला सारखं पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतात. महिला मंडळात दिलं, सांत्वनाच्या भक्तीत दिलं, परवा फोनवर पण. रमाबाईंनी बघा केवढं सोसलं. सोसलं हो. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं पण झाली नव्हती तोवर १८८२ मध्ये नवरा, पदरात तान्ही पोर, आणि १९२१ मध्ये तीच एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी रमाबाई स्वतः गेल्या. पण हे उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. रमाबाईंनी दारात आलेल्या विधवेला "बाई, तुझा विश्वास मोठा आहे, निभावून ने" म्हणून परत पाठवल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं दुष्काळातल्या बायका-पोरी केडगावला आणल्या, त्यांना छप्पर दिलं, शिवण, शेती, छापखान्याचं काम शिकवलं. त्यांच्या विश्वासाला भिंती होत्या, चूल होती. माझ्यापुढं रमाबाई ठेवताना तुमच्यापुढं पण ठेवा की.

आणि एवढं लांब पण जायला नको. आपण ज्या गावात राहतो तिथं शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. आपल्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेच करायला सांगितलं. एका गावानं ठराव केला आणि राज्य मागं आलं. आमच्याकडे बांगड्या फोडायची पद्धत नाही म्हणून आपण पुढारलेले असं आपण समजतो. ठराव तुम्ही पण केला, पंचसाहेब. तो कशाचा केला ते बघा.

शास्त्रात तर याची सोय कधीचीच लिहून ठेवलीय. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. मंडळी नुकतीच वाढायला लागलेली आणि पहिली तक्रार कशाची आली, तर विधवांना रोजच्या वाटणीत डावलतात याची. बाराही प्रेषित होते तिथं, विश्वासात आपल्यापेक्षा कमी नसतील. त्यांनी त्या बायकांना प्रार्थना करा म्हणून नाही सांगितलं, सात माणसं निवडली आणि काम वाटून दिलं. आणि दुसऱ्या राजांच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात जी बाई अलीशा संदेष्ट्याकडे येते ती तर माझ्यासारखीच, सेवेतल्या माणसाची बायको, नवरा गेलेला, डोक्यावर कर्ज, सावकार दोन पोरं न्यायला आलेला. अलीशानं तिला पहिलं काय विचारलं? मी तुझ्यासाठी काय करू, आणि तुझ्या घरात काय आहे. तुमच्यापैकी एकानंही, आणि हे मी रागानं नाही लिहीत, गेल्या सहा महिन्यांत या दोनपैकी एक प्रश्न मला विचारलेला नाही.

म्हणून आता न विचारताच उत्तर देते, म्हणजे मागण्या.

घर. मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेपर्यंत आम्हाला राहू द्या. शाळा इथून चालत जाण्यावर आहे. नवीन साहेबांचं कुटुंब आलं तर पुढचं घर त्यांना द्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहू, स्वयंपाकघर एक असलं तरी माझी हरकत नाही, त्यांच्या मॅडमशी मी फोनवर बोलले, त्यांची पण नाही. एप्रिलमध्ये मी घर झाडून, किल्ली हातात देऊन जाईन. भाड्याचं घर मी बघतेच आहे, दोन ठिकाणी "बाई एकटीच का" म्हणून नकार आला, एका ठिकाणी नॉनव्हेज चालणार नाही म्हणाले, कोल्हापुरात! पण मिळेल. डिपॉझिट मंडळीनं बिनव्याजी द्यावं, मी ट्यूशन घेते, वर्षभरात फेडीन, तसं लिहून देते. आणि पुढं कुठल्याही पाळकाच्या मागं राहिलेल्या कुटुंबाला घर सोडायला किमान एक वर्ष, मुलांचं शाळेचं वर्ष मध्ये न तोडता, असा नियमच करून टाका म्हणजे कुणाला पत्र लिहायची पाळी येणार नाही.

साहेबांच्या शेवटच्या महिन्याचं मानधन अजून आलेलं नाही. ते द्या. यावर जास्त काही लिहीत नाही.

नवीन साहेबांसाठी, ते येण्याच्या आधीच. सोमवारची सुट्टी लेखी, आणि त्या दिवशी फोन पंचांपैकी एकानं घ्यायचा. वर्षातून एकदा तपासणी, खर्च मंडळीचा. वय बसत असलं तर ४३६ रुपयांचा तो फॉर्म पहिल्याच महिन्यात, आणि जोडीला बरा आरोग्य विमा, कुटुंबासकट. पाळकांच्या कुटुंबासाठी बजेटमध्ये वेगळं खातं उघडा. पैसे कुठून आणायचे म्हणाल तर आता कापणीचा सण येईल, लिलावात आपल्याकडे एकेक नारळ कुठल्या भावाला जातो ते सगळ्यांनी बघितलंय, एका सणाचा लिलाव त्या खात्याला लावा आणि ऑडिटमध्ये दाखवा. आणि त्यांच्या मॅडमना आल्या आल्या संडे स्कूलचं रजिस्टर हातात देऊ नका. आधी विचारा. त्या नको म्हणाल्या तर नको.

माझ्या मुलीला कुणी माफी मागावी असं माझं म्हणणं नाही, ती नकोच म्हणते. फक्त ज्या वडीलजनांनी सुनावलं त्यांनी एकदा घरी यावं, चहा घ्यावा, तिच्या बापाबद्दल दोन आठवणी सांगाव्यात. त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, मला माहीत आहे, दोघं मिळून पुरात बोटीतून फिरलेत.

बुधवारचा हॉल परत द्या, साडेसहा ते आठ. लाइटबिलाचा वाटा आम्ही गोळा करून देऊ. नवीन साहेबांना ती बैठक स्वतः चालवायची असेल तर मी मागच्या खुर्चीवर बसेन, मला पुढं बसायची हौस नाही.

आणि शेवटचं, या पत्राचं उत्तर लेखी द्या. ठराव जसा भक्तीत वाचला तसंच उत्तर पण भक्तीत वाचा, पण या वेळी आदल्या दिवशी कुणीतरी घरी येऊन सांगून जा.

माझ्या मनात तुमच्यापैकी कुणाबद्दल वैर नाही. तुमच्या घरच्या बारशांना, लग्नांना, मयतांना आम्ही दोघं आलोय, यापुढं मी एकटी येईन. रविवारी भक्तीलाही येणार, तिसऱ्याच बाकावर.

प्रभूच्या सेवेत,
तुमच्या पाळकसाहेबांची मंडळी

ता. क. : बुधवारची बैठक बंद झालेली नाही, हॉल बंद झालाय. निकाल लागेपर्यंत ती पलीकडच्या काकींच्या सोप्यात भरेल, वेळ तीच, साडेसहा. सोपा लहान आहे, सतरंज्या कमी पडतात, ज्यांना जमेल त्यांनी येताना एखादी घेऊन या. गाड्या कृपा करून गल्लीच्या तोंडाला लावा, आत रिक्षा वळत नाही.